एचआयव्ही आणि दृष्टिपटलाचा छुपा संसर्ग

एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या पापणीवर नागीण उठली तर ती दिसते, ठणकते. इलाज लवकर होतो. सायटोमेगॅलोव्हायरसमुळे होणाऱ्या दृष्टिपटलदाहाचे तसे नाही. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतोच. रक्तातील सीडी४ पेशी ५०च्या खाली आल्या की तो दृष्टिपटल पोखरू लागतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. काळे ठिपके तरंगतात, कडेचे दिसेनासे होते, आणि रुग्ण चष्म्याचा नंबर वाढला असे समजून स्वस्थ राहतो. एकदा नष्ट झालेला भाग पुन्हा पाहू शकत नाही. म्हणूनच सीडी४ फार कमी असल्यास, तक्रार नसली तरी, औषधाने बाहुली मोठी करून डोळे तपासावेत.

भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटी औषधे मोफत मिळू लागली. वडोदऱ्यात सर सयाजीराव जनरल रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. या औषधांनी हा विकार पुष्कळ घटला. लोकलज्जेपायी उशिरा चाचणी करणाऱ्यांत मात्र तो आजही आढळतो. गॅन्सिक्लोव्हिरचे इंजेक्शन त्याच डोळ्यापुरते काम करते. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या दुसऱ्या डोळ्यालाही जपतात. विद्यार्थ्याने विश्वासाने आजार सांगितला, तर त्याच्या संमतीविना तो उघड करण्यास २०१७च्या एचआयव्ही कायद्याने बंदी आहे.