वाटेत सिंगापूर: थांब्याचे सोने करा
श्रीरामपुरातून ऑस्ट्रेलियातल्या लेकी-सुनांकडे निघालेल्या आईवडिलांना अनेकदा सिंगापूरच्या चांगी विमानतळावर विमान बदलावे लागते. हे तास खुर्चीत बसून घालवू नका. थांबा साडेपाच ते चोवीस तासांचा असेल, तर शहराची मोफत सहल मिळते. त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा हवा. मात्र ऑस्ट्रेलियाचा वैध व्हिसा आणि पुढचे तिकीट असलेल्या भारतीयांना 96 तासांची व्हिसामुक्त सवलत मिळू शकते. अंतिम निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. विमानतळावरच्या ‘ज्युवेल’ या संकुलातला 40 मीटर उंच धबधबा डोळ्यांचे पारणे फेडतो, पण तोही इमिग्रेशनच्या बाहेर आहे. बाहेर पडता आले नाही, तर टर्मिनल 3 मधली फुलपाखरांची बाग आतच पाहता येते. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच चौकशी करा.