वेगमर्यादा वाढते, रस्ता तेवढाच राहतो

सोलापूर-पुणे हा राष्ट्रीय महामार्ग ६५ चा टप्पा चौपदरी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ६ एप्रिल २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेत अशा दुभाजक असलेल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी १००, बसगाड्यांना ९० आणि मालवाहू वाहनांना ८० किलोमीटरची कमाल मर्यादा दिली होती. द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी ती १२० होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अपघातांचे कारण देत ही अधिसूचना रद्द ठरवली. मर्यादा वाढवली की रस्ता लवकर मोकळा होतो, हा समज मात्र कायम आहे.

एकट्या मोटारीपुरता तो खरा आहे. अडीचशे किलोमीटरचे अंतर ताशी ८० ने तीन तास सात मिनिटांत संपते, १०० ने अडीच तासांत. पण रस्त्याची क्षमता वेगळ्या हिशेबाने मोजतात: एका लेनमधून तासाभरात किती वाहने पुढे गेली? वेग वाढला की पुढच्या गाडीपासूनचे अंतरही वाढवावे लागते. दोन सेकंदांचे अंतर आणि पाच मीटर लांबीची गाडी धरली, तर ताशी ८० ला एका लेनमधून सुमारे १,६२० वाहने जातात, १०० ला १,६५० आणि १२० ला १,६७५. वेग दीडपट झाला, वाहने जेमतेम साडेतीन टक्क्यांनी वाढली. अंतर न राखता गाड्या दामटल्या तर आकडा फुगतो खरा, पण मग एकाने ब्रेक दाबताच मागची अख्खी रांग अडखळते.

सोलापूरजवळ खरी अडचण वेगांमधल्या तफावतीची आहे. विजयपूर आणि तुळजापूरकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ इथेच ६५ ला मिळतो, त्यामुळे मालट्रकांची वर्दळ मोठी. ताशी ७५ ने चाललेल्या ट्रकला ८० ने जाणारा दुसरा ट्रक ओलांडू लागला, की सत्तर मीटरची आघाडी घ्यायला पन्नास सेकंद लागतात. तेवढ्यात दोघे मिळून किलोमीटरभर दोन्ही लेन अडवतात. मागच्या मोटारीला १०० ची मुभा असो की १२० ची, तिला ८० नेच रखडावे लागते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उतरल्या की ही तफावत आणखी रुंदावते. त्यात दुभाजक फोडून केलेल्या वाटा आणि वळसा टाळण्यासाठी राँग साइडने येणाऱ्या दुचाकी. मोटारींची मर्यादा वाढवून ट्रकची ८० वरच ठेवली, तर ओलांडण्याचे प्रसंग वाढतात, वाहतूक सुरळीत होत नाही.

धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: १०० वरून १२० वर जाताना ती ४४ टक्क्यांनी चढते, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही त्याच प्रमाणात. शिवाय अपघात झाला की लेन बंद पडते आणि वाचवलेली मिनिटे मागच्या रांगेत खर्ची पडतात.

इंग्लंडने याच्या उलट वाट धरली. लंडनभोवतीच्या एम-२५ वर १९९५ पासून गर्दी वाढली की फलकांवरची मर्यादा कमी केली जाते. सगळी वाहने जवळपास एकाच वेगाने चालतात, लेन बदलणे घटते आणि थांबत-थांबत चालणारी रांग उशिरा तयार होते. अशी सोय गर्दीच्या वेळेपुरती. सोलापूर-पुणे मार्गावर त्याआधी गावांपाशी सलग सर्व्हिस रोड, दुभाजकातल्या बेकायदा वाटा बंद करणे आणि ट्रकना डावी लेन पाळायला लावणे, एवढे झाले तरी आहे त्याच मर्यादेत बराच वेळ वाचू शकतो.