पायपुसण्याखालची झडप
देशोदेशीची घरं : लेखांक ९

नेदरलँड्समधल्या एखाद्या साध्या, ओळीतल्या घराचं दार उघडलं की आधी चिंचोळा बोळ लागतो. एका हाताला विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं अरुंद कपाट, समोर शिडीसारखा चढा जिना, कोट अडकवायला दोन-चार खुंट्या आणि पायाखाली काथ्याचं जाड पायपुसणं. घर बघायला आलेली बहुतेक माणसं ते ओलांडून सरळ दिवाणखान्यात जातात, कारण तिथला उजेड माणसाला ओढून नेतो. जाणकार तपासनीस मात्र दारातच गुडघे टेकतो. पायपुसणं बाजूला सारतो, त्याखालची झडप उचलतो आणि बॅटरी घेऊन खाली उतरतो. तळमजल्याच्या फरशीखाली माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी असते. ओल्या वाळूचा वास, कोळ्यांची जाळी, पाइप आणि घराच्या पायाचा दिसेल तेवढा भाग. घर घ्यावं की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

या घराला डच भाषेत ‘रैत्येस्हाउस’ म्हणतात, म्हणजे ओळीतलं घर. पुण्या-नाशकातल्या रो-हाउसचा हा भाऊबंद. पण आपल्याकडे रो-हाउस ही फ्लॅटच्या वरची पायरी समजली जाते, तिथे ते चारचौघांचं घर आहे. देशातल्या दहा घरांपैकी साधारण चार घरं अशी ओळीतली. शिक्षक, नर्स, बसचालक, बँकेतला कारकून, आणि आता आइंडहोवन किंवा आम्स्टलवेनमध्ये नोकरीला गेलेले मराठी अभियंते, सगळ्यांच्या शोधाची सुरुवात बहुधा याच घरापासून होते.

या घरामागे १९०१ चा गृहनिर्माण कायदा आहे. त्याआधी शहरांतली कामगार कुटुंबं पाठीला पाठ लावून बांधलेल्या, एकाच बाजूने वारा येणाऱ्या खोल्यांत राहत. भिंतीतल्या कोनाड्यात बिछाना, तिथेच बाळंतपण, तिथेच आजारपण. कायद्याने नगरपालिकांना बांधकामाचे किमान नियम करायला लावले आणि गृहनिर्माण संस्थांना सरकारी कर्जाची वाट मोकळी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी तीव्र झाली की तिला ‘जनतेचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू’ म्हटलं जाऊ लागलं. मग बांधकामाचा धडाका सुरू झाला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दीड लाखांहून अधिक घरं उभी राहत होती. एवढ्या वेगाने बांधायचं तर साचा एकच हवा. दोन बाजूंच्या भिंतींमध्ये बऱ्याचदा ५.४० मीटरचं अंतर, खाली आरपार लांब दिवाणखाना, वर दोन-तीन खोल्या, त्यावर माळा. मागे छोटीशी बाग, बागेच्या टोकाला सायकलींची खोपटी आणि तिच्यामागून जाणारी गल्ली. दिवाणखान्याची एक खिडकी रस्त्याकडे, दुसरी बागेकडे, म्हणून या नमुन्याचं नाव ‘डोरझोनवोनिंग’, आरपार उन्हाचं घर. वर्षातले कितीतरी दिवस ढगाळ असणाऱ्या देशात घराला उन्हावरून नाव पडावं, यात त्या लोकांची खरी भूक दिसते.

शांत वस्ती हवी असेल तर डच माणूस बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या वस्त्यांकडे बोट दाखवतो. वरून पाहिल्यास त्यांचे रस्ते फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे फाटत जातात, म्हणून त्यांना ‘फुलकोबी वस्त्या’च म्हणतात. त्यांतल्या अनेक गल्ल्यांना ‘वोनएर्फ’ असा दर्जा आहे. ही कल्पना डेल्फ्ट शहरात रुजली आणि १९७६ मध्ये तिला कायद्याची मान्यता मिळाली. तिथे गाडीने माणसाच्या चालीने जायचं, पायी चालणाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी वापरायची मुभा, मुलांना रस्त्यावर खेळायचा हक्क. घर पाहायला जाताना ‘वोनएर्फ’ची पाटी कुठे लागते आणि हद्द कुठे संपते, एवढं पाहिलं तरी संध्याकाळी दारात किती आवाज असेल याचा अंदाज येतो.

पण वस्ती कितीही छान असली तरी घर उभं असतं मातीवर, आणि या देशाची माती एकसारखी नाही. समजा, अगदी एकाच नकाशावर बांधलेली दोन घरं आहेत. एक आइंडहोवनच्या वुन्सल भागात, दुसरं हाउडा गावात. आपण चीजच्या वेष्टनावर ‘गौडा’ वाचतो, ते हेच गाव. आइंडहोवनखाली वाळू आहे. तिथे पाया फार खोल न्यावा लागत नाही. अशा उथळ पायाला डच बांधकामात ‘पोलादावरचा पाया’ वाटावा असा शब्द आहे, पण त्यात पोलादाचा कणही नसतो. तो जुना शब्द घट्ट जमिनीसाठी आहे. हाउडाखाली मात्र कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती आणि चिकणमाती. तिथली जमीन दरवर्षी काही मिलिमीटर खचते.

देशाच्या पश्चिम भागात जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. मऊ मातीतून खाली वाळूच्या थरापर्यंत ठोकलेले हे खांब पाण्यात बुडालेले असेपर्यंत शंभर-शंभर वर्षं टिकतात. भूजल खाली गेलं की खांबांची डोकी उघडी पडतात, हवा लागते, बुरशी धरते आणि लाकूड सडतं. २०१८ सारख्या कोरड्या उन्हाळ्यांनी ही चिंता घरोघरी नेली. सरकारला सल्ला देणाऱ्या एका परिषदेने २०२४ मध्ये पायाला धोका असलेल्या इमारतींचा आकडा सव्वाचार लाख सांगितला. साधारण १९७० नंतरच्या घरांना काँक्रीटचे खांब आहेत, त्यामुळे लाकूड सडण्याची भीती तिथे नाही. त्यांचं दुखणं वेगळं. १९६५ ते १९८० च्या सुमारास वापरलेल्या काही तयार काँक्रीटच्या तळमजल्यांत मिश्रण लवकर आवळावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घातलं होतं. दमट पोकळीवर बसलेल्या त्या जमिनीतल्या सळ्या गंजतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. वरून लाकडी फळ्यांची सुंदर जमीन दिसते; गंज दिसतो तो झडपेतून.

ओळीतल्या घराचं मर्म इथेच आहे, आणि किंमत बघण्याच्या घाईत तेच निसटतं. खरेदीखत एका घराचं होतं, पण पाया आणि मधल्या भिंती ओळीच्या असतात. मधल्या एकाच घराचा पाया नवा करून भागत नाही, कारण मग ते जागेवर राहतं आणि शेजारची खचत राहतात. दुरुस्ती एकदम करावी लागते आणि तिचा खर्च घरामागे लाखभर युरोपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी सगळ्या मालकांचं एकमत लागतं. त्यांत एखाद्या घराची मालक गृहनिर्माण संस्था असते, एखाद्या घरात निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आजी असतात. म्हणून हवं असलेलं घर पाहून झालं की रस्त्याच्या पलीकडे जाऊन अख्खी ओळ पाहावी. विटांच्या रेषा सरळ आहेत का, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून जिन्यासारख्या चढत जाणाऱ्या भेगा आहेत का, कुणाच्या भिंतीत नुकतंच सिमेंट भरल्याच्या खुणा आहेत का. दहा मिनिटांचं काम आहे, आणि फुकटचं.

मधल्या भिंतीचंही तसंच. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच घरांत दोन कुटुंबांमध्ये एकच सलग भिंत आहे. शेजारचा मुलगा जिना धडधडत उतरला की ते इकडे जेवणाच्या टेबलापर्यंत पोचतं. नंतरच्या घरांत मध्ये पोकळी ठेवून दोन सुट्या भिंती बांधू लागले. फरक मोठा आहे. घर पाहायला शक्यतो संध्याकाळी जावं ते यासाठी.

आता पैशांकडे. जाहिरातीत किमतीपुढे ‘के. के.’ ही दोन अक्षरं असतात, म्हणजे हस्तांतराचा खर्च खरेदीदाराकडे. समजा, एका तरुण मराठी जोडप्याने ४,२०,००० युरोंची बोली लावली आणि ती स्वीकारली गेली. स्वतः राहण्यासाठीच्या घरावर हस्तांतर कर २ टक्के, म्हणजे ८,४०० युरो. दोघंही ३५ वर्षांच्या आतले असतील, ही सवलत आधी घेतलेली नसेल आणि किंमत ठरलेल्या मर्यादेत असेल, तर हा कर माफ होतो. २०२५ साली ती मर्यादा ५,२५,००० युरो होती. एकच जण ३५ च्या आत असेल तर त्याच्या हिश्श्यापुरती माफी.

इथवर सोपं. खरी गोम कर्जात आहे. डच बँक घराच्या मूल्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत कर्ज देते, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला हायसं वाटतं. पण हे मूल्य बोलीचं नसून मूल्यांककाने ठरवलेलं असतं. त्याने ४,०५,००० लिहिले, तर वरचे १५,००० युरो खिशातून. नोटरी, मूल्यांकन, कर्ज सल्लागार, तपासनीस यांचंही खिशातूनच. घरं कमी आणि घेणारे फार, त्यामुळे मागितलेल्या किमतीवर चढी बोली लावण्याचा रिवाजच पडला आहे. त्या भरात काहीजण ‘कर्ज मिळालं नाही तर व्यवहार रद्द’ किंवा ‘तपासणीत मोठा दोष निघाला तर व्यवहार रद्द’ या अटी स्वतःहून सोडून देतात. हे धाडस करू नये. लेखी कराराची प्रत हाती आल्यावर खरेदीदाराला विचार बदलायला तीन दिवस मिळतात आणि त्यांत निदान दोन कामाचे दिवस असावे लागतात. १ सप्टेंबर २००३ पासून कायद्याने दिलेलं हे संरक्षण आहे. ती मुदत टळली आणि अटीही नसल्या, तर माघारीचा दंड सहसा किमतीच्या १० टक्के, म्हणजे इथे ४२,००० युरो.

सोबतच्या कागदांत एक साधीशी यादी असते. काय राहणार आणि काय जाणार, याची. पडदे, दिवे, चुलीवरचा धूर ओढणारा पंखा, बागेतली खोपटी, जमिनीवरचं लॅमिनेटसुद्धा. ‘घेऊन जाणार’ या रकान्यात खूण असेल तर ताबा मिळेल तेव्हा उघडी जमीन पाहायला मिळते. जुन्या घराच्या करारात आणखी एक कलम येतं: घराच्या वयामुळे असणाऱ्या दोषांची जबाबदारी विक्रेत्यावर नाही. डच कायद्यात विक्रेत्याने माहीत असलेले दोष सांगायचे असतात आणि खरेदीदाराने स्वतः तपासायचं असतं. हे कलम आलं की तपासण्याचं ओझं आणखी वाढतं. १९९३ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी आली. त्याआधीच्या खोपटीचं छप्पर पन्हाळी पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे का, तेही विचारून घ्यावं.

शेवटच्या दिवशी दोन्ही पक्ष मीटरचे आकडे टिपतात आणि नोटरीकडे जातात. खरेदीदाराला डच नीट कळत नसेल तर दुभाषा बसवावा लागतो. न समजलेल्या कागदावर सही होत नाही. किल्ली तिथेच हातात मिळते, पण कायद्याने मालकी येते ती दस्त ‘काडास्टर’ या भूमिअभिलेख कार्यालयात नोंदला गेल्यावर.

ज्यांची मुलं, सुना, भाचे सध्या तिकडे घर शोधत आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर ‘केवढ्याला पडतंय?’ विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: खाली वाळू आहे की मऊ माती, आणि पायपुसण्याखालची झडप कुणी उघडून पाहिली का?