पावणेपाचला मिटलेलं पुस्तक

एम.ए.ला असताना पावणेपाच वाजले की मी पुस्तक मिटायची. ही शिस्त माझी नव्हती, बसची होती. ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठातून पणजीचा बसस्टँड, तिथून साखळीची गाडी आणि साखळीहून आमचं गाव, पाळी. मधली गाडी चुकली तर शेवटची मिळेल याचा भरवसा नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणी चहा घेऊन पुन्हा वाचायला बसत. ग्रंथालय आम्हा सगळ्यांना सारखंच उघडं होतं, पण मला ते रोज तीन तास कमी मिळायचं.

बाबांच्या पिढीला एवढंही नव्हतं. गोवा मुक्त झाल्यावर 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय निघालं. पदवी मुंबई विद्यापीठाची. गोव्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 1985 मध्ये. पुढे साखळीला सरकारी कॉलेज आलं, पेडण्यात विर्नोड्याला सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं आलं. घराजवळ कॉलेज आलं म्हणून किती मुली शिकल्या, त्याला आकडेवारी कशाला हवी? आमच्या वाड्यावर दारोदार विचारून बघा. आत्याला अकरावीनंतर घरी बसवलं होतं. तिची मुलगी बी.कॉम. झाली. मुलगी आईपेक्षा हुशार होती असं मुळीच नाही. कॉलेज जवळ होतं, एवढंच.

माझं एम.ए.चं पहिलं वर्ष 2012 चं. त्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. पाळी, वेळगे, सुर्ला ही सगळी खाणपट्ट्यातली गावं. बाबांचा खनिजाचा ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला. ट्रक थांबला, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. आईच्या पाटल्या गेल्या आणि माझी फी भरली. दोन महिन्यांनी एका वर्गमैत्रिणीकडून कळलं की फीसवलतीचा अर्ज करता आला असता. मुदत तोवर संपली होती. सूचना फलकावर लावली होती म्हणे. फलक होता मागच्या जिन्याजवळ, आणि त्या जिन्याने मी कधी गेलेच नव्हते.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. कोणाला पटो न पटो. गोव्यात योजनांचा तुटवडा नाही. बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे, ते शिक्षण विकास महामंडळ देतं. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी ‘गगन भरारी’ आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला म्हणून ही दारं उघडली. तुटवडा आहे तो वेळेवर सांगणाऱ्या माणसाचा. ज्याचा काका सरकारी कचेरीत आहे त्याला सगळं जूनमध्येच कळतं. बाकीच्यांना दिवाळीनंतर.

शेजारच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला जन्मापासून फार कमी दिसतं. कागद नाकाला लावून वाचतो, डोकं मात्र तल्लख. कॉलेजची पहिली दोन वर्षं त्याने तीन तासांचा पेपर तीन तासांतच लिहिला. दरवेळी शेवटचा प्रश्न कोरा. त्याला लेखनिक मिळू शकतो आणि ताशी किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही असं काही असतं एवढंच ऐकून होते. शोधलं तेव्हा नियम सापडला. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा राखून ठेवायला सांगतो. तिसऱ्या वर्षी त्याने लेखनिकासाठी अर्ज दिला. वाड्यावरचीच एक बारावीतली मुलगी त्याची लेखनिक झाली. पहिल्या पेपरनंतर बाहेर आला तो हसतच, “गे ताई, आज वेळ उरला!” हे वाक्य त्याच्या तोंडून कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमावलीने संस्थांना समान संधी कक्ष उघडायला आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. कागदावर चांगलीच गोष्ट आहे. पण तो कक्ष कुठल्या मजल्यावर आहे आणि तिथे कोण बसतं, हे तुमच्या कॉलेजातल्या दहा मुलांना विचारून बघा. मी विचारलं होतं. दोघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने चुकीचा मजला सांगितला.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आमच्याकडे घरात कोंकणी, वाचायला मराठी पेपर, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीत एकदम इंग्रजी. त्या इंग्रजीचा धसका विद्यापीठापर्यंत सोबत येतो. शंका विचारायला हात वर जायचा, वाक्य जुळेपर्यंत खाली यायचा. एका प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “येईल त्या भाषेत विचारा, मी समजून घेईन.” त्या वर्गात मी सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले. याला ना योजना लागली, ना निधी.

आता मी नोकरी करते आणि रविवारी सकाळी आमच्या सोप्यावर मुलांना योजनांचे अर्ज भरून देते. येणाऱ्यांना सांगणं एवढंच. मे महिन्यातच कामाला लागा. मामलेदाराकडून उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला काढून घ्या, लागत असेल तर जातीचा दाखलाही तयार ठेवा. बँकेचं खातं आधारला जोडलंय ना ते बघा. मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन या. दहा वाजेपर्यंत या, त्यानंतर लाइट जाते.