भातकापणीनंतरची थंडी आणि अभनपूरचे आरोग्य

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेले अभनपूर हे छत्तीसगडच्या भातपट्ट्यातले गाव आहे, आणि तिथली थंडी उत्तर भारतासारखी कडाक्याची नसल्यामुळे तिच्यासाठी आरोग्याची वेगळी तयारी करावी लागते, हेच अनेकांना पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत या परिसरातले किमान तापमान सरासरीने १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि दुपारी पारा २७ अंशांपर्यंत चढतो. हिवाळ्याचा येथील त्रास पाऱ्याच्या नीचांकात फारसा नाही. तो पहाट आणि दुपार यांतल्या या तफावतीत, जमिनीलगत साचणाऱ्या धुरात आणि कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका रक्तदोषात आहे. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ एखादी भुकटी किंवा काढ्याची बाटली आणून ठेवली की हिवाळ्याची सोय झाली, हा समज या भागात विशेष महागात पडतो.

प्रतिकारशक्ती हा पातळी वाढवत न्यावा असा एकच साठा नव्हे. नाकातल्या श्लेष्मल आवरणापासून रक्तातल्या पांढऱ्या पेशींपर्यंत पसरलेली ती अनेक यंत्रणांची साखळी आहे, आणि ती गरजेपेक्षा अधिक उत्तेजित झाली तर दमा, ॲलर्जी किंवा शरीराने स्वतःच्याच पेशींवर हल्ला करण्याचे विकार उद्भवतात. नाकाच्या आवरणावर असलेले सूक्ष्म केस श्वासाबरोबर आलेली धूळ आणि जंतू सतत घशाकडे ढकलत असतात. थंड व कोरड्या हवेत त्यांची गती मंदावते. सर्दीचा प्रमुख विषाणू, म्हणजे रायनोव्हायरस, शरीराच्या ३७ अंशांपेक्षा नाकाच्या टोकाकडील ३३ अंशांच्या गारव्यात अधिक जोमाने वाढतो, कारण त्या तापमानात पेशींचा प्रतिकार सौम्य पडतो, असे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांतून दाखवले. थंडीत कानटोपी बांध, नाक-तोंड झाकून घे, असे सांगणाऱ्या आजीच्या सल्ल्याला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

विशिष्ट रोगाविरुद्ध नेमकी प्रतिकारशक्ती निर्माण करण्याचा खात्रीचा उपाय मात्र लस हाच आहे. भारतात इन्फ्लुएन्झाचे दोन हंगाम दिसतात, एक पावसाळ्यात व त्याच्या उतरणीला आणि दुसरा जानेवारी ते मार्च या काळात. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिद्रव्ये तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे वृद्ध, गर्भवती, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांनी खोकला सुरू झाल्यावर लसीची चौकशी करण्यात फारसा अर्थ उरत नाही. बाळांना न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची लस सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांना मोफत मिळते. तिची एखादी मात्रा राहून गेली असल्यास ती हिवाळ्याआधी पूर्ण करून घ्यावी.

धुराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तो ऊब मिळवण्याच्या धडपडीतूनच जन्माला येतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही गार व जड होते आणि वरच्या तुलनेने उबदार थराखाली अडकून पडते. चुलीचा, जाळलेल्या पराळीचा, वीटभट्ट्यांचा आणि वाहनांचा धूर मग सूर्य वर येईपर्यंत तिथेच रेंगाळतो. त्यातच खळ्यावर, ज्याला छत्तीसगडीत ‘बियारा’ म्हणतात, धानाची मळणी चालू असते आणि तुसाची बारीक धूळ छातीत जाते. मळणी करताना तोंडाला सुती गमछा गुंडाळण्याची पद्धत चांगली असली, तरी बारीक कण त्यातून सहज आत शिरतात. दम्याच्या रुग्णाने या दिवसांत नीट बसणारा मास्क वापरावा आणि डॉक्टरांनी दिलेला रोजचा इन्हेलर बरे वाटते म्हणून बंद करू नये.

घराच्या आत या धुराचे केंद्र असते ‘गोरसी’. रुंद तोंडाच्या या मातीच्या शेगडीत गोवऱ्या आणि धानाचा कोंडा मंद धुमसत ठेवतात. म्हातारी माणसे तिच्याभोवती हात शेकतात, बाळंतिणीच्या खाटेखाली ती सरकवली जाते आणि तिच्या निखाऱ्यावर हात गरम करून बाळाचे अंग शेकतात. या वस्तूत कित्येक पिढ्यांची माया साठलेली आहे, म्हणून तिला नुसते अडाणीपणाचे लक्षण ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत असे अर्धवट जळणारे इंधन कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस जागा होण्याआधीच बेशुद्ध होऊ शकतो. गोरसी अंगणात पेटवून धूर सरल्यावर आत आणावी, ती असेपर्यंत एक खिडकी उघडी राहावी आणि निजण्यापूर्वी ती बाहेर ठेवावी. नवजात बाळाला शेकापेक्षा आईच्या उघड्या छातीशी धरलेली ऊब, टोपी, मोजे आणि कपड्यांचे दोन-तीन थर अधिक सुरक्षित असतात.

अभनपूरच्या हिवाळ्याचा सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग सिकलसेल हा आहे. नागपूर, गोंदिया, गडचिरोलीपासून छत्तीसगडच्या मैदानापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात हा आनुवंशिक विकार बराच आढळतो, त्यामुळे विदर्भातल्या वाचकांना हा शब्द नवा नाही. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या रुग्णाच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची व ताठ होते. गारठ्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्ताचा वेग कमी होतो. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायले जाते आणि रक्त दाट होते. अशा वेळी या ताठ पेशी बारीक वाहिन्यांत अडकून हाडांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. थंड पाण्याची एक आंघोळही या वेदनेला निमित्त ठरू शकते. शिवाय वारंवारच्या अडथळ्यांनी या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ शकते, आणि मग न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंना रक्तातून गाळून काढण्याचे तिचे काम थांबते.

या मुलांसाठी हिवाळ्याची तयारी अगदी नेमकी आहे. न्यूमोकॉकस आणि इन्फ्लुएन्झाच्या लसी, पाच वर्षांखालील मुलांना वैद्यकीय सल्ल्याने रोज पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड आणि दिले असल्यास हायड्रॉक्सियुरिया हे औषध खंड न पाडता चालू ठेवायचे असते. हायड्रॉक्सियुरियामुळे गर्भावस्थेतल्या प्रकारचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात, मात्र त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. पाणी कोमट करून शाळेच्या बाटलीत द्यावे, आंघोळ गरम पाण्याने आणि ऊन आल्यावर घालावी. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. ज्याला एकाच पालकाकडून जनुक मिळाले, तो वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. पण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असल्याने लग्नाआधी तपासणी हवी. रायपुरात या रोगासाठी स्वतंत्र सरकारी संस्था आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

आहाराबद्दल परंपरेने सांगितलेले बरेचसे आजही उपयोगी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हेमंत ऋतूत जठराग्नी प्रबळ होतो आणि त्याला पुरेसे, स्निग्ध अन्न द्यावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्रातले डिंकाचे व मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी आणि छत्तीसगडातले तीळ-गूळ व जवस त्याच विचाराचे आहेत, फक्त मधुमेही माणसाने लाडवातला गूळ हिशोबात धरावा. आवळा हा ‘क’ जीवनसत्त्वाचा अतिशय समृद्ध स्रोत आहे, परंतु रोज ‘क’ जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, ती थोडी लवकर ओसरते, एवढेच अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसते. उभ्या भातात फोकलेल्या तिवऱ्याची, म्हणजे विदर्भातल्या लाखोळीची, कोवळी भाजी या दिवसांत घरोघरी शिजते. लाखोळीतील एका विषारी घटकामुळे दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच राहिलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याचा इतिहास आहे. मिश्र आहारात अधूनमधून खाल्ल्याने ते भय राहत नाही, आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘महातिवरा’ हे कमी विषद्रव्याचे वाणही विकसित केले आहे.

रक्तदाबाच्या रुग्णांबाबत एवढे सांगितले पाहिजे की, थंडीत रक्तवाहिन्या आक्रसल्याने दाब वाढतो, म्हणून त्यांनी फिरायला धुके आणि धूर विरल्यावर जावे आणि हंगामाच्या सुरुवातीलाच गोळ्यांची मात्रा तपासून घ्यावी.

या सगळ्याला वेळ कधी काढायचा, ही शेतकरी घरांची खरी अडचण आहे. नोव्हेंबर उजाडताच कापणी, मळणी आणि सरकारी केंद्रांवरील धानखरेदी यांची धांदल सुरू होते, ती जानेवारीअखेरपर्यंत संपत नाही, आणि दुखणे ‘धान विकून झाल्यावर बघू’ म्हणून मागे ढकलले जाते. लसी, रक्ततपासणी, सिकलसेलच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा आणि मुलांचे गरम कपडे या गोष्टी त्यामुळे दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यानच, विळे शेतात उतरण्याआधी, उरकून घ्याव्या लागतात.