शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराची ऊब

शस्त्रक्रिया चालू असता डॉक्टर नाडी व रक्तदाब पाहतात, हे आपण जाणतोच. रोग्याच्या तपमानाकडेही तितकेच लक्ष हवे. भुलीने कातडीतील रक्तवाहिन्या सैलावतात, पोटा-छातीतील ऊब हातापायांकडे पसरते आणि तासाभरात आतले तपमान सुमारे १ अंश सेल्सिअसने उतरते. कुडकुडून ऊब राखण्याची सोयही भुलीत बंद! ऑस्ट्रियात आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रोग्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. थंड पडू दिलेल्या ९६ जणांपैकी १८ जणांच्या जखमा चिघळल्या. ऊब राखलेल्या १०४ पैकी अवघ्या ६ जणांच्या. म्हणून लांबणाऱ्या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेत बारीक तार ठेवून तपमान पाहतात व अंगावर गरम हवेचे पांघरूण घालतात. आपल्या माणसास आत नेण्यापूर्वी थंडी वाजत असेल, तर परिचारिकेस अवश्य सांगावे.