पैसे कुणाच्या सिमवर?

पावसाळ्याच्या तोंडाशी पनवेलच्या बाजारात आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या बायका शेवळं, टाकळा, कुरडूचे वाटे लावून बसतात. हल्ली गिऱ्हाईक विचारतं, ‘‘स्कॅन आहे का?’’ समोरचा कोड मुलाच्या किंवा शेजारच्या दुकानदाराच्या खात्याचा असेल, तर रान तुडवलं तिनं आणि पैसे जमा झाले दुसऱ्याकडे.

याचं मूळ यूपीआयच्या रचनेत आहे. क्यूआर कोडमध्ये असतो तो मुख्यतः पैसे पाठवण्याचा पत्ता. हा पत्ता मिळवायला ॲप पहिल्यांदा सुरू करताना फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो. तो कोणत्या नंबरवरून आला ते तपासून फोन, सिम आणि त्या नंबराला जोडलेलं खातं एकत्र बांधलं जातं. फसवणूक टाळायला ही सोय चांगली. पण घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या सिमवर चालत असेल, तर वेगळ्या नंबराला जोडलेलं बायकोचं खातं असूनही या व्यवहाराबाहेरच राहतं. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीतही ओटीपी आला तो आधारला जोडलेल्या नंबरावरच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या शहरी स्त्रियांपैकी ६९.४ टक्क्यांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता; ग्रामीण भागात ४६.६ टक्क्यांकडे.

पैशाचा व्यवहार बाईच्या स्वतःच्या हाती आला की काय बदलतं, ते केनियातून कळतं. तिथे २००७पासून साध्या बटणांच्या फोनवर ‘एम-पेसा’ ही पैसे पाठवण्याची सेवा चालते. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तिच्यामुळे सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया शेतीतून छोट्या धंद्याकडे वळल्या. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी कुटुंबप्रमुखाऐवजी बायकांच्या स्वतःच्या खात्यात टाकली आणि खातं वापरायला शिकवलं, तेव्हा त्या जास्त कामावर जाऊ लागल्या. पैसा आपल्या ताब्यात राहतो म्हटल्यावर कष्टाचा हिशेब बदलतो.

आपल्याकडेही मार्च २०२२पासून बटणांच्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आहे. म्हणजे महागडा स्मार्टफोन ही पहिली अट नाही. बचत गटाच्या बैठकीत ‘घरात मोबाइल आहे का’ एवढंच विचारून भागणार नाही. सिम कुणाच्या नावावर, बँकेला कोणता नंबर दिलाय आणि त्याचा रिचार्ज चालू आहे का, हेही विचारायला हवं.